इको नॉर्मल, तरी हृदयात लोह

एकाच फाइलीत दोन कागद आहेत. पहिला इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा: डाव्या कप्प्याचं आकुंचन उत्तम, इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं तो हिस्सा) ६० टक्के. दुसरा त्याच आठवड्यात केलेल्या हृदयाच्या एमआरआयचा: टी-टू-स्टार, म्हणजे हृदयातल्या लोहाचा अंदाज देणारा आकडा, ८ मिलिसेकंद. फाइल २२ वर्षांच्या मुलीची. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, वयाच्या सहाव्या महिन्यापासून रक्त चढवणं चालू. ती कॉलेजला जाते, तीन मजले चढते, दम लागत नाही. पहिला कागद वाचून आईचा जीव भांड्यात पडतो. डॉक्टर दुसरा कागद वाचतात आणि त्याच दिवशी औषधं बदलतात.

अशी फाइल थॅलेसेमियावर उपचार करणाऱ्या बहुतेक केंद्रांत सापडेल, म्हणून नावगाव कुणाचंच नको. दोन्ही कागद खरे आहेत. इकोनं विचारलं, हृदय आज कसं चालतंय? एमआरआयनं विचारलं, त्याच्यात साठलंय काय? हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे एकदा कळलं, की हा सगळा विषय बराच सोपा होतो.

आधी लोहाकडे बघू. आपल्याकडे लोहाची चिंता एकाच बाजूनं केली जाते. ‘अंगात रक्त नाही’ म्हटलं की खजूर, गूळ, लोखंडी कढई, गोळ्या. त्यात चूक काही नाही, कमतरता खरोखरच घरोघरी आहे. पण लोहाच्या बाबतीत शरीराची रचना जरा विचित्र आहे. मीठ जास्त झालं तर मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. लोह जास्त झालं तर ते बाहेर टाकायला मोरीच नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. अन्नातून रोज १ ते २ मिलिग्रॅम आत येतं आणि जवळपास तेवढंच त्वचेच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर आणि बायकांच्या बाबतीत पाळीतून निघून जातं. हे जाणं मुद्दाम वाढवता येत नाही. म्हणून सगळा बंदोबस्त आत येण्याच्या दारावर. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक तयार करतं. साठा पुरेसा झाला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून रक्तात येणारं लोह अडवतं. हा रखवालदार इतका महत्त्वाचा असूनही त्याचा शोध लागला २००० च्या आसपास, म्हणजे अगदी काल-परवा.

हा रखवालदारच जन्मतः ढिला असेल तर? तो आजार म्हणजे आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रुसो यांनी १८६५ मध्ये असा रुग्ण वर्णन करून ठेवला होता: कातडी काशासारखी तांबूस-करडी, यकृत कडक, जोडीला मधुमेह. १८८९ मध्ये जर्मनीच्या फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी आजाराला नाव दिलं. तो घराण्यातून येतो हे इंग्लंडच्या शेल्डन यांनी १९३५ मध्ये मांडलं आणि जनुक हाती लागलं ते १९९६ मध्ये. एचएफई त्याचं नाव. त्यातला सी२८२वाय हा बदल आई आणि वडील दोघांकडून आला तर आजार होऊ शकतो. हा प्रामुख्यानं उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांचा आजार आहे. आयर्लंडमध्ये दर ८३ माणसांमागे साधारण एकाकडे हा बदल दोन्ही बाजूंनी आलेला असतो. त्यातले सगळेच आजारी पडत नाहीत, पण पडले तर बहुधा चाळिशी-पन्नाशीत, आणि आधी यकृत, सांधे, साखर. हृदयाचा नंबर मागून. भारतीय लोकांत सी२८२वाय जवळजवळ सापडतच नाही. आपल्याकडे कुणात उगाच लोह वाढलेलं दिसलं तर दुसरी कारणं शोधावी लागतात.

याच आजाराचा एक धाकटा आणि जास्त उग्र भाऊ आहे, कोवळ्या वयातला हिमोक्रोमॅटोसिस. यात हिमोज्युव्हेलिनचं किंवा खुद्द हेप्सिडिनचं जनुक बिघडलेलं असतं. रखवालदार ढिला नसतो, गैरहजरच असतो. तिशीच्या आत हृदय निकामी व्हायला लागतं. दुर्मीळ आहे, पण विशी-पंचविशीतल्या माणसाचं हृदय काही कारण नसताना मोठं झालेलं दिसलं तर हे नाव डॉक्टरांच्या डोक्यात यायला हवं.

आणि आता थॅलेसेमिया. याच्याबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण महाराष्ट्रात लोहानं हृदय बिघडलेला रुग्ण भेटलाच तर तो बहुतेक करून हाच असतो. इथे वारशानं लोह येत नाही, हिमोग्लोबिन बनवण्यातला दोष येतो. पण त्या दोषावरचा उपचार म्हणजे आयुष्यभर रक्त, आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीत साधारण २०० मिलिग्रॅम लोह. हिशोब करून बघा. दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या म्हटल्या तर वर्षाला ३४ ते ३५. म्हणजे जवळपास ७ ग्रॅम लोह. पूर्ण वाढलेल्या माणसाच्या शरीरात जन्मभराचं जेवढं असतं त्याच्या दुप्पट, दर वर्षी, बाहेर जायला वाट नसलेल्या घरात. शिवाय थॅलेसेमियात अस्थिमज्जा सतत ‘रक्त कमी आहे, लोह पाठवा’ अशी ओरड करत असते. त्या ओरडण्यानं हेप्सिडिन दबतं आणि आतडीही नको तेवढं लोह शोषतात.

मुंबई-उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत, लोहाणा आणि पंजाबी कुटुंबांत या जनुकाचे वाहक जास्त आढळतात. पण मराठी घरं यातून सुटलेली नाहीत. देशात वाहकांचं प्रमाण ३ ते ४ टक्के धरलं जातं. वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर, हा स्वतः आजारी नसतो, फक्त त्याचं हिमोग्लोबिन थोडं कमी दिसतं. मग कुणीतरी त्याला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चारतं. फेरिटिन (लोह साठवून ठेवणारं प्रथिन, रक्तातल्या त्याच्या आकड्यावरून साठ्याचा अंदाज येतो) न तपासता चाललेला हा प्रकार मला अजून समजलेला नाही.

लोह हृदयात शिरतं कसं? रक्तात लोहाची ने-आण ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन करतं. एरवी त्याच्या गाड्यांत तिसरा हिस्साच माल असतो. लोह वाढत गेलं की गाड्या खचाखच भरतात आणि उरलेलं लोह रक्तात मोकाट फिरायला लागतं. या मोकाट लोहाला हृदयाच्या पेशीत शिरायला स्वतंत्र दार लागत नाही. हृदयाच्या पेशींना प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत घ्यावं लागतं, त्याच दारातून हे घुसतं. हृदय थांबत नाही, त्यामुळे दारही बंद होत नाही. मिनिटाला ७०-८० वेळा उघडझाप.

आत गेल्यावर पेशी ते फेरिटिनच्या डब्यात भरून ठेवते. डब्यात बंद असलेलं लोह फारसं त्रास देत नाही, आणि मुलीचा इको चांगला येण्याचं निम्मं कारण इथेच आहे. कोठी भरत असते, पण घर नीट चालू असतं. डबे कमी पडले की सुटं लोह पेशीतल्या ऑक्सिजनशी खेळून अतिशय जहाल रेणू तयार करतं. ते पेशीची आवरणं आणि ऊर्जा बनवणारे कारखाने जाळतात. मग हृदयाचं सैल होणं बिघडतं, पुढे आकुंचन. कधी त्याच्याही आधी ठोका चुकायला लागतो. कोठी भरायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि तिथून घर कोसळायला कधी काही महिनेच पुरतात.

म्हणून इकोवर विसंबून चालत नाही. इको वाईट तपासणी मुळीच नाही. स्वस्त आहे, कुठेही होते, आणि तज्ज्ञ माणूस हृदय सैल होण्यातले बारीक फरक त्यावर पकडू शकतो. पण लोह त्याला दिसत नाही. त्यात थॅलेसेमियाची आणखी एक गोम आहे. रक्त कमी असल्यामुळे हे हृदय आधीपासूनच जोर लावून धडधडत असतं. त्याचं निरोगी इजेक्शन फ्रॅक्शन इतरांपेक्षा वरच्या पट्टीत असतं. तुमच्या-माझ्या बाबतीत ५५ टक्के म्हणजे ठीक, या मुलांत ५५ ही घसरणीची सुरुवात असू शकते. रिपोर्टवर मात्र ‘नॉर्मल’ असाच शिक्का पडतो.

फेरिटिनची रक्त-तपासणी घरातल्या सगळ्यांना पाठ असते. रक्त चढवायच्या डे-केअर केंद्रात दोन आया भेटल्या की पहिला प्रश्न ‘ह्या वेळी फेरिटिन किती आलं?’ हाच. तो आकडा उपयोगी आहे, वर्षानुवर्षं २५०० च्या वर राहिला तर धोका नक्की. पण ताप, जंतुसंसर्ग, यकृताची सूज, कशानंही तो वर जातो, आणि त्यातला बराचसा भाग यकृताची गोष्ट सांगतो. फेरिटिन १००० च्या खाली आणि हृदय लोहानं भरलेलं, असे रुग्ण असतात. हृदयाचा तुकडा काढून तपासला तर? तेही करून झालंय. लोह हृदयात ठिकठिकाणी कमी-जास्त असतं आणि बाहेरच्या थरात अधिक. सुई पोचते आतल्या थरात. तुकडा स्वच्छ निघतो आणि हृदय भरलेलंच असतं.

मग एमआरआय. इथे जरा थांबून समजून घेऊ, कारण यातली युक्ती सुंदर आहे.

पन्नास जणांचं लेझीम पथक डोळ्यांसमोर आणा. शिट्टी वाजते, सगळे एका तालात सुरू होतात आणि एकच दणदणीत छणछणाट ऐकू येतो. आता शिट्टी पुन्हा वाजणारच नाही असं ठरवा. थोड्या वेळानं कुणी किंचित पुढे जातो, कुणी मागे पडतो आणि छणछणाटाचा जोर विरत जातो. हृदयाच्या स्नायूतल्या पाण्यात हायड्रोजनचे असंख्य अणू असतात, ते म्हणजे हे पथक. एमआरआयचा रेडिओ लहरींचा झटका ही शिट्टी. झटक्यानंतर अणू एका तालात फिरतात, यंत्राला जोरदार संदेश मिळतो आणि मग ताल सुटत जाऊन संदेश विरतो. निरोगी हृदयात तो विरायला साधारण ४० मिलिसेकंद लागतात.

आता त्याच मैदानात जागोजागी ढोल-ताशावाले उभे करा, प्रत्येकाचा ठेका वेगळा. जवळच्या लेझीमवाल्यांचा ताल लगेच सुटणार. पेशीतले लोहाचे कण हेच करतात. प्रत्येक कण आपल्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र थोडं वाकडं करतो. लोह जितकं जास्त तितका ताल लवकर मोडतो. ताल टिकण्याचा हा वेळ म्हणजे टी-टू-स्टार. म्हणून इथे आकडा उलटा वाचायचा, हे विसरू नका: आकडा लहान, तितकं लोह मोठं. फेरिटिन कमी आलं की आनंद मानायची सवय झालेल्या घरात ‘टी-टू-स्टार ८ च आलं’ म्हणून पेढे वाटायची वेळ येऊ शकते.

नावातला ‘स्टार’ शोभेचा नाही. साध्या टी-टू मोजणीत यंत्र चुंबकीय क्षेत्रातल्या अशा वाकडेपणाची भरपाई करून घेतं, कारण एरवी तो चित्र बिघडवणारा उपद्रव असतो. टी-टू-स्टारमध्ये ती भरपाई मुद्दाम करत नाहीत. लोहाची सही नेमकी त्या उपद्रवातच असते.

प्रत्यक्ष तपासणी फार लांबत नाही. छातीला ईसीजीच्या पट्ट्या, अंगावर संदेश टिपणारी कॉइल, कानात बोळे. आतून आवाज येतो, ‘श्वास घ्या, सोडा, थांबा.’ त्या दहा-पंधरा सेकंदांत यंत्र हृदयाच्या मधल्या भागाचा एकच आडवा काप वेगवेगळ्या क्षणी आठेक वेळा टिपतं. पहिलं चित्र २ मिलिसेकंदांच्या आसपास, शेवटचं १८ च्या. पडद्यावर ही चित्रं ओळीनं लावली की समजायला डॉक्टर असावं लागत नाही. निरोगी हृदय पहिल्या चित्रात करडं असतं आणि आठव्यातही थोडंसंच गडद. लोहानं भरलेलं हृदय तिसऱ्या-चौथ्या चित्रातच काळं पडतं. शेजारचं यकृत भरलेलं असेल तर ते पहिल्याच चित्रात शाईसारखं दिसतं.

मोजमाप घेतात ते दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर. बाहेरच्या भिंतीला फुप्फुसातली हवा आणि हृदयाच्या शिरा लागून असतात, त्या स्वतःच चुंबकीय क्षेत्र वाकवतात आणि लोह नसताना लोहाचा भास होतो. पडदा दोन्ही बाजूंनी रक्तानं वेढलेला, त्यामुळे तिथली साक्ष जास्त भरवशाची. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही. क्ष-किरण नसतात, त्यामुळे दर वर्षी केली तरी काळजी नाही.

ही पद्धत लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या डडली पेनेल यांच्या गटानं २००१ मध्ये मांडली. लंडनमध्ये सायप्रसहून आलेल्या आणि दक्षिण आशियाई कुटुंबांतले थॅलेसेमियाचे रुग्ण बरेच होते आणि ते विशी-तिशीत हृदय निकामी होऊन जात होते. त्यांच्या मोजणीत दोन गोष्टी निघाल्या. २० मिलिसेकंदांच्या वर हृदयाचं आकुंचन ठीक, त्याच्या खाली ते उतरायला लागतं. आणि यकृतातल्या लोहाचा हृदयातल्या लोहाशी मेळच बसत नव्हता. यकृत बरं म्हणून हृदय बरं, हा तोवरचा हिशोब तिथे कोसळला.

पण मिलिसेकंद म्हणजे किती लोह? २०११ मध्ये मृत्यूनंतर किंवा प्रत्यारोपणात काढलेल्या १२ हृदयांवर हेही ताडून पाहिलं गेलं. आधी एमआरआय, मग त्याच स्नायूचं रासायनिक मोजमाप. २० मिलिसेकंद म्हणजे वाळवलेल्या एक ग्रॅम स्नायूत साधारण १.२ मिलिग्रॅम लोह, १० म्हणजे २.७. सरळ रेषेचं गणित नाही. खाली यावं तसं ते चढत जातं. १० वरून ८ वर येणं हे ३० वरून २८ वर येण्यापेक्षा कितीतरी गंभीर.

थॅलेसेमिया मेजरच्या ६५२ रुग्णांचा २००९ मधला अभ्यास या आकड्यांना अर्थ देतो. तपासणीनंतर वर्षभरात ज्यांचं हृदय निकामी झालं त्यांच्यातल्या ९८ टक्क्यांचा टी-टू-स्टार १० च्या खाली होता. ६ च्या खाली असलेल्यांत जवळपास निम्म्यांवर वर्षाच्या आत ती वेळ आली. आता त्या मुलीच्या ८ कडे पुन्हा बघा. तिचा इको चांगला आहे. ती चाचणीत पास झाली आहे, पण पुढच्या वर्षाची खात्री तो कागद देत नाही.

उपचार म्हणजे लोह धरून बाहेर नेणारी औषधं. डेसफेरिऑक्झामिन पोटाच्या कातडीखाली सुई टोचून छोट्या पंपानं ८ ते १२ तास देतात, आठवड्यातल्या पाच ते सात रात्री. ज्या घरात हा पंप असतो तिथे झोपेचं वेळापत्रक पंपाचं असतं, आणि पंधरा-सोळा वर्षांचं मूल एका रात्री ‘आज नको’ म्हणतं तिथून गाडी घसरते. गोळ्या दोन प्रकारच्या. डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदा. डेफेरिप्रोन तीनदा, तिचा रेणू लहान, पेशीच्या आत सहज शिरतो, म्हणून हृदयातलं लोह काढायला ती विशेष चांगली. तिनं लघवी लालसर होते, त्याला घाबरायचं नाही. घाबरायचं ते तिच्यावर असताना आलेल्या तापाला, कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. ताप आला की गोळी बंद आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं. टी-टू-स्टार १० च्या खाली असेल तर बऱ्याचदा डेफेरिप्रोन आणि पंप दोन्ही जोडीनं लावतात.

यकृतातलं लोह काही महिन्यांत उतरतं. हृदयातलं हटवादी, ते वर्षांच्या मापानं उतरतं. पहिल्या वर्षी ८ चा ९ झाला तर औषध लागू पडतंय असंच समजायचं. या काळात उलटा गोंधळही होतो: यकृत साफ झालं, फेरिटिन खाली आलं, सगळे खूश, औषध कमी केलं, आणि हृदयात साठा तसाच.

यात एक गोष्ट मात्र खरोखर दिलासा देणारी आहे. हार्ट अटॅकनं मेलेला स्नायू परत येत नाही. लोहानं दुबळं झालेलं हृदय, वेळेत लोह काढलं तर, पूर्ववत होऊ शकतं. अगदी पाणी भरून अतिदक्षता विभागात आलेला रुग्णही चोवीस तास डेसफेरिऑक्झामिन चालू ठेवून वाचल्याची उदाहरणं आहेत. तिथे अडचण एवढीच, की नेहमीचे हृदयतज्ज्ञ हृदय निकामी होण्याच्या नेहमीच्या औषधांवर भर देतात आणि लोह काढायचं राहून जातं. घरच्यांनी ‘थॅलेसेमिया आहे, आमच्या रक्तविकारतज्ज्ञांशी बोला’ हे दारातच ठणकावून सांगावं. ब्रिटनमध्ये २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच थॅलेसेमिया रुग्णांचे लोहामुळे होणारे मृत्यू साधारण ७० टक्क्यांनी घटले. औषधं तिथे बऱ्यापैकी आधीचीच होती. कुणाला किती जोरानं द्यायची, हे आता आधी कळायला लागलं होतं.

हिमोक्रोमॅटोसिसमध्ये उपचार फारच जुन्या पद्धतीचा आहे: रक्त काढायचं. दर आठवड्याला ४५० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे प्रत्येक वेळी २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर. थॅलेसेमियावाल्याला हे शक्य नाही, त्याच्याकडे रक्तच कमी.

आता कामाच्या दोन गोष्टी. एमआरआय सेंटर म्हटलं की टी-टू-स्टार होतंच असं नाही. यंत्र आहे, पण ही मोजणी करणारं सॉफ्टवेअर आणि ती वाचणारा माणूस नाही, असं बऱ्याच ठिकाणी असतं. ‘कार्डियाक टी-टू-स्टार करता का, आणि यंत्र १.५ टेस्लाचं आहे ना’ हे फोनवरच विचारा. टेस्ला हे यंत्राच्या चुंबकाच्या ताकदीचं माप, आणि वरचे सगळे आकडे १.५ टेस्लाचे आहेत. ३ टेस्लाच्या यंत्रावर तेच हृदय जवळपास निम्मा आकडा देतं, आणि हे लक्षात न घेता दोन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवले तर विनाकारण घबराट. शक्यतो दर वर्षी एकाच ठिकाणी जा. सुरुवात साधारण दहाव्या वर्षी करतात, त्या वयात मूल न झोपवता श्वास रोखून पडून राहू शकतं. घरी झोपाळ्यावर किंवा पलंगावर ‘घ्या, सोडा, थांबा’चा सराव आदल्या आठवड्यात करून घेतला तर आतमध्ये वेळ वाचतो.

त्या मुलीच्या फाइलीत वर्षानं आणखी दोन कागद लागतील. इकोवर कदाचित तेच ६० टक्के असतील. दुसऱ्या कागदावर ८ च्या जागी १० आले, तर आईला या वेळी तो कागद वाचता आलेला असेल.